पाचवा ‘का’

लाँड्रीत तिला सगळे ‘काबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते तिच्या कानावर आलं होतं आणि, खरं सांगायचं तर, तिला आवडलंही होतं. दारावरच्या पाटीवर ‘सुरक्षा अधिकारी’ असं लिहिलेलं होतं, पण तिची ओळख पाटीवरून कुणाला पटत नसे, प्रश्नावरून पटे. कुणी पाय घसरून पडलं की बाकीचे विचारत, लागलं का? ही विचारायची, का पडलात? फरशी ओली होती. का ओली होती? पाइप गळतो. का गळतो? वायसर झिजलाय. मग बदलला का नाही? स्टोअरमध्ये नाही. स्टोअरमध्ये का नाही? इथवर येईतो पडलेला माणूस आपली कंबर विसरून जाई आणि पुढच्या वेळी पडलो तर गुपचूप उठून चालायला लागायचं असं मनाशी ठरवून टाकी.

चेष्टा सोडली तर तिचं चुकत नव्हतं. नवा वायसर आला आणि त्या जागी पुन्हा कुणी पडलं नाही. अपघात झाला की पहिलं उत्तर नेहमी माणसावर येऊन थांबतं: याचं लक्ष नव्हतं, त्याने घाई केली, ती बोलत होती. तिचं म्हणणं, तिथे थांबलात तर तोच अपघात उद्या दुसऱ्याला होणार. म्हणून पाच वेळा ‘का’ विचारायचं. आणि म्हणूनच अपघातानंतरच्या बैठकीचा तिने एक कडक नियम केला होता, की माणसाचं नाव घ्यायचं नाही. यंत्राचं घ्या, पाइपाचं घ्या, पद्धतीचं घ्या, माणसाचं नाही. हा नियम लोकांना फार आवडला. तुमची चूक शोधायला आम्ही बसलेलो नाही, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

नव्या माणसांना ती दुधाचं उदाहरण द्यायची. दूध उतू जायला लागलं तर आधी काय कराल? कुणीतरी हमखास म्हणे, फडकं आणू. ती म्हणायची, आधी गॅस बंद करा. धोका मुळातच बंद करता आला तर तो करायचा. नाही आला तर माणूस आणि धोका यांच्या मध्ये काहीतरी आडवं घालायचं. तेही नाही जमलं तर नियम, पाट्या, हातमोजे. रागावणं सगळ्यात शेवटी, कारण रागावणं म्हणजे फडकं. हे ती इतक्या वेळा सांगे की घडीवाल्या बायका तिच्या मागे उभ्या राहून, नुसते ओठ हलवून, तिच्याबरोबर तेच म्हणत.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे गाड्या भरभरून येत, माणूस उभा मावेल अशा यंत्रांत धुतल्या जात आणि शेवटी रोलरवर येत. रोलर म्हणजे खोलीएवढं रुंद, वाफेने तापलेलं लोखंडी लाटणंच. दोघांनी समोर उभं राहून ओलसर चादरीची दोन टोकं त्याच्या तोंडाशी लावायची, की पलीकडून ती सपाट आणि कडक होऊन बाहेर पडे. तिथे घडीवाल्या तिची घडी घालत. तोंडाच्या अलीकडे, बोटांच्या उंचीवर, एक बारीक दांडी आडवी बसवलेली होती. चादर तिच्याखालून आत जाई. चादरीबरोबर बोटं पुढे गेली तर त्यांचा धक्का दांडीला लागे आणि रोलर जागच्या जागी थांबे. मग वळसा घालून मागे जायचं, बटण दाबायचं आणि परत जागेवर यायचं. अख्ख्या लाँड्रीत ही दांडी एवढीच काय ती शहाणी आहे, असं काबाई म्हणायची.

आणि त्या रोलरवर तिचा दीर होता.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शाळेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नुसताच उभा राहिला. भूक लागली होती, पण नव्या वहिनीकडे मागायचं कसं? ती मोठ्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, “या भावजी, बसा. परकं समजू नका.” तो हसला, बसला आणि दोन माणसांचं जेवला. तेव्हापासून ते त्या घरातलं बोलणंच झालं. तिच्या ताटातला शेवटचा घास उचलताना तो म्हणायचा, परकं समजू नका वहिनी. त्याची छत्री घेऊन जाताना तीही तेच म्हणायची. पोरगा बाप्या झाला तरी ‘भावजी’ आणि ‘तुम्ही’ ही चेष्टा टिकली. ‘तू’ निघायचं ते फक्त तिला खरा राग आला की.

तो मनाने लाखाचा, पण एका नोकरीत टिकेल तर शपथ. कुठे साहेबाशी पटलं नाही, कुठे पटलं तर दुकानच बंद पडलं. शेवटी सासूबाईंनी एकदा तिचा हात धरला आणि म्हणाल्या, तुझ्या लाँड्रीत बघ ना काही, तुझ्या नजरेखाली तरी राहील. तिने आजवर कुणासाठी शब्द टाकला नव्हता, दिरासाठी टाकला. तो रोलरवर लागला. नातं बाहेर ठेवायचं असं तिने ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, “भावजी, डबा विसरलात.” त्या दिवसापासून तो सगळ्या लाँड्रीचा भावजी झाला. घडीवाल्या काकू, ज्या त्याच्या आईच्या वयाच्या होत्या, त्याही त्याला भावजीच म्हणत.

दर काही महिन्यांनी काबाई सगळ्या यंत्रांची फेरी काढायची. प्रत्येक यंत्रापाशी दोनच प्रश्न. इथे काही वाईट होण्याची शक्यता किती, आणि झालंच तर किती वाईट? दोन्हींना आकडे द्यायचे आणि ते गुणायचे. गुणाकार लहान आला तर हिरवा रंग, मधला आला तर पिवळा, मोठा आला तर तांबडा. तांबडा म्हणजे यंत्र बंद, दुरुस्त होईपर्यंत बंद. मग बाहेर गाड्या खोळंबोत नाहीतर मॅनेजर लाँड्री डोक्यावर घेवो. हा अधिकार तिने भांडून मिळवला होता.

त्या फेरीत ती रोलरपाशी आली आणि तिला चिमटा दिसला. कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा. तिथे चिमट्यांना काय तोटा. गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायला खोकी भरून पडलेले असत. हा एक मात्र दांडीच्या टोकाशी, फटीत, नीट खुपसून बसवलेला होता. दांडी हलत नव्हती. आणि दांडी हलली नाही की रोलर थांबत नाही, मग आत काहीही जावो.

तिने वर पाहिलं. भावजी तिच्याकडे बघून हसला, साखर चोरताना सापडलेल्या पोरासारखा.

गुणाकार करायचीही गरज नव्हती. तांबडा. पण मॅनेजरचा एक नियम होता: सुरक्षेच्या वस्तूशी खेळणारा माणूस नोकरीत पक्का असेल तर लेखी ताकीद, पक्का नसेल तर त्याच दिवशी घरी. भावजी अजून पक्का झाला नव्हता. तिला सासूबाईंनी धरलेला हात आठवला. घरी काय बोलतील तेही ऐकू आलं, की बाहेरच्यांनी सांभाळून घेतलं असतं, हिने घरच्यालाच धरून दिलं. बरोबरचा सुपरवायझर पाठ फिरवून फोनवर बोलत होता. तिने चिमटा ओढून काढला, कोटाच्या खिशात टाकला आणि कागदावर मागच्या वेळचाच पिवळा रंग भरला. पलीकडे घडीवाल्या बायकांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

घरी तिने त्याला गॅलरीत गाठलं. काय केलंस तुला कळतंय का, म्हणाली. पुन्हा दिसला तर मी वहिनीबिहिनी काही नाही. त्याने कान पकडले, तिची शपथ घेतली आणि वर म्हणाला, एवढं रागावू नका, परकं समजू नका. तिला हसू आलं. विषय मिटला. उलट आपण घरही सांभाळलं आणि कामही, म्हणून तिला मनातून जरा बरंच वाटलं.

चिमटा का लावलास, हे तिने विचारलं नाही. वायसरपासून स्टोअरपर्यंत लोकांचा पिच्छा पुरवणारी ही बाई आपल्या दिराला ‘का’ विचारायची मात्र राहिली. घरच्या माणसाला आपण रागावतो, कारणं विचारत बसत नाही. दूध उतू चाललं होतं आणि ती फडकं झटकून झोपायला गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ती साबणाच्या कोठीत डब्यांवरची लेबलं तपासत असताना, आवाज थांबला. लाँड्रीत काम केलेल्यांना ठाऊक आहे, तिथे आवाजाची भीती वाटत नाही, तो थांबला की वाटते. ती धावत आली. घडीवाल्या काकूंनी आणीबाणीची तांबडी दोरी ओढून रोलर बंद केला होता आणि त्या ती दोरी अजून सोडत नव्हत्या. भावजी खाली बसला होता, उजवा हात छातीशी धरून. ओरडत नव्हता. तिला बघून म्हणाला, “काही नाही वहिनी, काही नाही.” दांडीच्या टोकाशी, त्याच फटीत, नवा चिमटा होता.

अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची टोकं गेली. हात भाजला तो वेगळाच. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या बसल्या तिचा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिला तिथे पहिला चिमटा लागला. तो ती काढायचाच विसरली होती. बाहेर फेकून द्यावा असं वाटलं, पण कचऱ्याची पेटी सासूबाईंच्या पलीकडे होती आणि त्यांच्यासमोरून तो घेऊन जायची तिची छाती झाली नाही.

सासूबाईंनी तिचा खांदा थोपटला. म्हणाल्या, “तू तिथे होतीस म्हणून बोटांवर निभावलं गं. नाहीतर काय झालं असतं!” नवरा येरझाऱ्या घालत होता. तो बोलायला शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचाही तोल गेला होता. एवढी मोठी लाँड्री, एवढी माणसं, तिथे बघणारं कुणी नव्हतं का, असं त्याने भिंतीकडे बघून विचारलं. होतं, असं ती म्हणाली. पण ते इतकं हळू की त्याला ऐकू गेलं नसावं, आणि ते पुन्हा म्हणण्याचं धैर्य तिला झालं नाही. लाज वाटण्यासारखी गोष्ट ही, की त्याने ते ऐकलं नाही या समजुतीने तिला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली तेव्हा भावजी एकटाच होता. मॅनेजर येऊन गेल्याचं त्याने सांगितलं. चांगला बोलला, चिमट्याचं विचारलं. भावजीने त्याला सांगून टाकलं होतं की चिमटा त्या दिवशी पहिल्यांदाच लावला आणि तो कुणी पाहिला नव्हता.

“असं का सांगितलंत?” तिने विचारलं.

तो छताकडे बघत म्हणाला, “माझं काय वहिनी. एवढ्या नोकऱ्या सुटल्या, त्यात आणखी एक. तुमची गेली तर घर कशावर चालायचं? दादाच्या एकट्याच्या पगारावर? आणि तुमची चूक काय होती? तुम्ही मला सांभाळायला गेलात.”

मग, खूप उशिरा, तिने तो प्रश्न विचारला जो रोलरपाशीच विचारायला हवा होता. मुळात चिमटा का लावलात? आणि त्याने सरळ सांगितलं, जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होता. एका रुग्णालयाच्या नव्या चादरी आल्या होत्या, त्यांची किनार जाड. ती किनार दांडीला अडकायची आणि रोलर थांबायचा. प्रत्येक चादरीला वळसा, प्रत्येक चादरीला बटण. रोलरवर त्याच्याबरोबर उभ्या राहणाऱ्या जोडीदारीणबाईंचा गुडघा दुखायचा, म्हणून वळसा नेहमी त्यानेच घालायचा. मागे गठ्ठ्यांचा डोंगर आणि सुपरवायझरची हाक. ती रागावल्यावर दोन दिवस त्याने चिमटा लावला नाही. मग लावला. आणि त्याने एकट्याने नाही.

“तुम्ही पाहिलंत आणि काही झालं नाही ना,” तो म्हणाला, “त्यामुळे दुसऱ्या पाळीतल्यांना वाटलं की चालतं. काबाई बोलल्या नाहीत म्हणजे चालतं. मग सगळेच लावायला लागले.”

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपण एका माणसाला सोडून दिलं असं ती समजत होती. तिने सगळ्यांना परवानगी दिली होती.

त्या दुपारी ती लाँड्रीत परतली तर फिटर रोलरपाशी आडवा पडून काम करत होता. तिला बघून उठला. दांडी वर घेतली, म्हणाला, आता जाड किनार खालून जाते आणि बोट मात्र अडतं. किती वेळ लागला, तिने विचारलं. तो म्हणाला, दोन स्क्रू तर होते, चहा निवायच्या आत झालं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो बिचारा पाना पुसत पुढच्या यंत्राकडे गेला, आणि ती तिथेच उभी राहून त्या दोन स्क्रूंकडे बघत राहिली. त्यांच्यावर नवं तेल चमकत होतं.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. निदान रात्रभर तळमळून माणूस काही ठरवतो म्हणावं, तर तिने काहीच ठरवलं नाही. ती एकदा म्हणे, सांगायचंच. मग म्हणे, भावजी बरोबर बोलतोय, दोघांच्या नोकऱ्या घालवून कुणाचं भलं होणार? त्याला दुसरीकडे कुठेतरी लावून देऊ, जन्मभर त्याचं करू, त्याला काही कमी पडू देणार नाही. हे सगळं तिला इतकं शहाणपणाचं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

बैठकीच्या खोलीत मॅनेजर होता, सुपरवायझर, फिटर, भावजीची जोडीदारीणबाई आणि घडीवाल्या काकू. फळ्यापाशी खडू घेऊन नेहमीप्रमाणे काबाई. मॅनेजरने टेबलावर एक बंद पाकीट आणून ठेवलं होतं आणि त्यावर हात ठेवून तो बसला होता. आत काय आहे हे कुणाला विचारायची गरज नव्हती. भावजीला कामावरून काढल्याचा हिशोब आत होता.

नियम तिनेच वाचून दाखवला, माणसाचं नाव घ्यायचं नाही. मग तिने पहिला ‘का’ विचारला. बोटं आत का गेली? रोलर थांबला नाही म्हणून, जोडीदारीणबाई म्हणाली. रोलर का थांबला नाही? दांडी अडकवलेली होती, चिमट्याने. चिमटा का लावला? यावर फिटरने जाड किनारीचं सांगितलं आणि दांडी वर घेतल्याचंही. ती एकेक उत्तर फळ्यावर लिहीत होती आणि अक्षर नेहमीसारखं नीट येत होतं, याचं तिला नवल वाटलं. चौथा ‘का’: मग दांडी आधीच वर का घेतली नाही? कारण दांडी अडते हे फिटरला कुणी सांगितलंच नव्हतं.

“आणि का सांगितलं नाही?” तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

जोडीदारीणबाई आपल्या गुडघ्याकडे बघू लागली. घडीवाल्या काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि पुसत राहिल्या. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना उत्तर माहीत होतं. त्यांनी तिला चिमटा खिशात टाकताना पाहिलं होतं. आणि कुणी ते बोलणार नव्हतं, कारण नियम तिचाच होता, आणि त्या नियमाने आजवर त्यांना सगळ्यांना वाचवलं होतं. आज ते तो तिच्यासाठी पाळत होते. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, “अहो, कामाच्या गडबडीत राहून जातं एखादं सांगायचं. लिहा तसं. कामाचा ताण.”

ते उत्तर खोटं नव्हतं, आणि हेच वाईट होतं. तिने तसं लिहिलं असतं तर फळा पूर्ण झाला असता, सगळे चहाला उठले असते. मॅनेजर म्हणाला की ठीक आहे, पद्धतीचं पुढे बघू, पण चिमटा लावणाऱ्याने स्वतःच कबूल केलंय की त्या दिवशी पहिल्यांदाच, कुणाला न सांगता लावला. तेव्हा तेवढ्यापुरता प्रश्न मिटतो. आणि त्याने पाकीट सुपरवायझरकडे सरकवलं.

तिने खडू ठेवला. कोटाच्या खिशातून चिमटा काढला आणि पाकिटावर ठेवला.

“हा पहिला चिमटा,” ती म्हणाली. “फेरीच्या दिवशी मी काढला. मी पाहिला होता. तांबडा रंग भरायला हवा होता, मी पिवळा भरला. रोलर बंद करायला हवा होता, नाही केला. फिटरला बोलवायला हवं होतं, नाही बोलावलं. त्याने तुम्हाला खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. बाकीच्यांनी नंतर चिमटे लावले तेही माझ्यामुळे. पाचव्या ‘का’चं उत्तर मी आहे.”

सुपरवायझर म्हणाला, बाई, नाव घ्यायचं नाही ना. तो बिचारा मदत करायला गेला. ती म्हणाली की हा नियम दुसऱ्याचं नाव घेऊ नका एवढ्यासाठी होता, स्वतःचं लपवायला नव्हता.

मॅनेजर चिमट्याकडे बघत होता. मग त्याने सहावा ‘का’ विचारला, जो तिच्या पद्धतीत नव्हता. “तुम्ही? तुम्ही का सोडून दिलंत?”

“तो माझा दीर आहे,” ती म्हणाली.

आणि ती खाली बसली. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. लोक तसं सांगतात. तिचं काही उतरलं नाही. ओझं होतं तिथेच होतं, फक्त आता ते सगळ्यांना दिसत होतं.

पाकीट मागे गेलं. भावजी कामावर राहिला, बरा झाल्यावर त्याला येणाऱ्या चादरी मोजून घ्यायच्या खिडकीवर बसवलं. काबाईच्या फेऱ्या थांबवल्या. बाहेरून चौकशीला माणसं येणार होती, तोवर तिने ऑफिसात बसून राहायचं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि तिने केलीही नाही. घरी तिने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. नवऱ्याने घास तसाच ठेवला. मग तो तिच्याकडे बघून म्हणाला की तू ‘होतं’ म्हणालीस ते मी ऐकलं होतं. सासूबाई उठून आत गेल्या. नंतर कितीतरी दिवस त्या तिच्याशी बोलल्या त्या फक्त कामापुरत्या, मीठ कुठेय, दार लाव, एवढंच. तिचा हात मात्र त्यांनी पुन्हा धरला नाही.

भावजीचं बँडेज निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि तो बाजूला स्टुलावर बसून तिला चिमटे देत होता, डाव्या हाताने, टोपलीतून एकेक. मध्येच त्याने एक चिमटा उजव्या हातात घेऊन बघितला. अंगठ्याने दाबायचा तर दाबायला समोर बोट हवं. तो निसटला, पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. मग त्याने तो डाव्या हाताने उचलून तिच्याकडे दिला, जणू काही झालंच नाही.

ती म्हणाली, “भावजी, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत अजून.”

“काय बोलायचं?”

“जे वाटतं ते.”

त्याने थोडा विचार केला. आता तो हसत नव्हता. म्हणाला, “एक विचारू? तिथे माझ्या जागी दुसरा कुणी असता, कुणीही, तर तुम्ही रोलर बंद केला असता?”

“हो.”

“लगेच?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. तोही समजून घेणारा होता. पण एवढं सगळं झाल्यावर आता तेवढंही तिला जमेना. “लगेच,” ती म्हणाली. “त्याच मिनिटाला. फिटरला बोलावून दांडीही वर घेतली असती.”

“म्हणजे बोटं राहिली असती त्याची.”

“हो.”

त्याने मान हलवली. त्यात राग नव्हता. एखादी गोष्ट नीट समजली की माणूस हलवतो तशी. टोपलीतला पुढचा चिमटा काढून त्याने तिच्यापुढे धरला.

“मग वहिनी,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी मला परका समजा.”

चिमटा घ्यायला तिने हात पुढे केला, पण तो तिला धरता येईना.